पुरोहिताविना लग्न : सत्यशोधक विवाहपद्धतीची जडणघडण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात धर्म, जात आणि स्त्रियांचे स्थान यांविषयी नवे विचार मांडणाऱ्यांची वाण नव्हती. सभा भरत होत्या, नियतकालिके निघत होती, निबंध छापले जात होते आणि जुन्या रूढींवर टीका करणे सुशिक्षितांच्या अंगवळणी पडू लागले होते. परंतु या विचारांची कसोटी सभेत लागत नसे, ती लागत असे घरच्या लग्नात. लग्न ही त्या काळी दोन व्यक्तींपुरती बाब नव्हती. तिच्यात भाऊबंद, सोयरे, जातपंचायत, ग्रामजोशी आणि पुष्कळदा सावकारही गुंतलेला असे, आणि या सगळ्यांच्या देखत ज्या रीतीने अक्षता पडत, तीच त्या घराची खरी श्रद्धा समजली जाई. म्हणूनच सत्यशोधक समाजाने १८७३ पासून रूढ करत नेलेली विवाहपद्धती केवळ एका विधीचा इतिहास सांगत नाही. आपल्याला पटलेल्या मूल्यांप्रमाणे जगू पाहणाऱ्या माणसांना काय काय उभे करावे लागते, याचा तो इतिहास आहे. मूल्ये जगण्यासाठी एकट्याची जिद्द पुरत नाही. त्या मूल्यांना विधीचे रूप, समजणारी भाषा, पाठीशी उभी राहणारी माणसे आणि कायद्याचा आधार मिळवून द्यावा लागतो, ही गोष्ट या पद्धतीच्या दीडशे वर्षांच्या वाटचालीतून जितकी स्पष्ट होते, तितकी क्वचितच दुसऱ्या कशातून होत असेल.

ग्रामजोशी आणि त्याचा हक्क

या पद्धतीचे धाडस समजून घ्यायचे तर ती ज्या व्यवस्थेला बाजूला सारत होती, तिची रचना आधी पाहावी लागते. दख्खनच्या गावगाड्यात जोशी हा बलुतेदारांपैकी एक होता. पंचांग सांगणे, मुहूर्त काढणे, लग्ने लावणे, बारसे, वास्तुशांती, श्राद्ध अशी कृत्ये चालवणे हे त्याचे काम, आणि त्याबद्दल मिळणारे धान्य, दक्षिणा व मानपान हे त्याचे वतन, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा हक्क होता. हे वतन बापाकडून मुलाकडे जाई, भावांत वाटले जाई आणि मालमत्तेसारखे त्याच्यावरून वादही होत. इंग्रजी अंमलात मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी या हक्काला मालमत्तेच्या हक्कासारखी मान्यता दिली, त्यामुळे परिस्थिती चमत्कारिक झाली : एखाद्या कुटुंबाने गावच्या जोश्याऐवजी दुसऱ्या कोणाकडून लग्न लावून घेतले, तर आपली दक्षिणा बुडाली म्हणून वतनदार जोशी दिवाणी दावा आणू शकत असे. श्रद्धा असो वा नसो, पुरोहित हवा असो वा नको, त्याचे देणे मात्र चुकत नव्हते.

विधीच्या भाषेचा प्रश्न याहून खोल होता. मंत्र संस्कृतात असत आणि ते कोणते म्हणायचे हे यजमानाच्या जातीवरून ठरे; ज्यांना द्विज मानले जाई त्यांच्यासाठी वेदातील मंत्र वापरले जात, त्यांना वेदोक्त म्हणत, आणि ज्यांना शूद्र गणले जाई त्यांच्यासाठी पुराणांतील श्लोक वापरले जात, त्यांना पुराणोक्त म्हणत. कुणबी, माळी, साळी, शिंपी यांच्या घरी लग्न लागत असताना आपल्याला कोणत्या दर्जाचे समजून कोणते शब्द उच्चारले जात आहेत, हे नवरा-नवरीला कळण्याची सोयच नव्हती. आयुष्यातील सर्वांत मोठे वचन ज्या शब्दांत दिले जाते त्या शब्दांचा अर्थ वचन देणाऱ्यालाच ठाऊक नसावा, आणि त्या शब्दांतच त्याचे हीनत्व गृहीत धरलेले असावे, ही बाब जोतीराव फुले यांना असह्य वाटली यात नवल नाही.

फुले यांचे पहिले मोठे लेखन हे नेमके याच संबंधावर होते. १८५५ मध्ये लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ या नाटकात जोशी एका गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून त्या गरीब जोडप्याला कसे नागवतो हे त्यांनी दाखवले, आणि शिक्षण मिळताच ते जोडपे कसे सावध होते हेही दाखवले. पुढे १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या घरी जन्मापूर्वीपासून मरणानंतरपर्यंत कोणकोणत्या निमित्तांनी पुरोहिताकडे पैसा जातो याची त्यांनी तपशीलवार नोंद केली. त्यांची हरकत दुहेरी होती. निर्माणकर्ता आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हा तिचा धार्मिक भाग. आणि न समजणाऱ्या विधीसाठी कर्ज काढणारे घर कधीच स्वतंत्र होत नाही, हा तिचा आर्थिक भाग. सत्यशोधक विवाहात हे दोन्ही भाग एकत्र आले.

सुधारणेचे दोन मार्ग

विवाहाच्या प्रश्नावर त्या काळात झगडणारे फुले एकटेच नव्हते. १८५६ च्या कायद्याने विधवांच्या पुनर्विवाहाला संमती मिळाली होती. १८६९ मध्ये मुंबईत विष्णुशास्त्री पंडित यांच्या पुढाकाराने वेणूबाई आणि पांडुरंग विनायक करमरकर यांचा पुनर्विवाह गाजावाजाने झाला, आणि त्यात सामील झालेल्यांवर बहिष्कार घातला गेला. १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांच्या समक्ष पुनर्विवाहाच्या शास्त्रीयतेवर वाद झाला, तो सुधारकांच्या विरुद्ध गेला. या सर्व प्रयत्नांत एक समान धागा होता : सुधारणा हवी, पण ती शास्त्रातून सिद्ध करून घ्यावी आणि शास्त्रोक्त विधीनेच पार पाडावी. दुसरीकडे, ब्राह्मो समाजाच्या मागणीवरून १८७२ मध्ये जो नोंदणी विवाहाचा कायदा झाला, त्यात वधूवरांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादी कोणताही धर्म मानत नाही असे लिहून द्यावे लागे. म्हणजे एका मार्गाने जायचे तर शास्त्राची परवानगी घ्यावी लागत होती, आणि दुसऱ्या मार्गाने जायचे तर आपण कोणत्याच धर्माचे नाही असे जाहीर करावे लागत होते.

विचार आणि आचार यांच्यातील हे अंतर किती दुस्तर होते याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण महादेव गोविंद रानडे यांच्या चरित्रात आढळते. १८७३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. विधवा-विवाहाचे ते जाहीर पुरस्कर्ते होते, त्यामुळे ते विधवेशीच लग्न करतील अशी पुष्कळांची अपेक्षा होती. पण वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. रानडे यांची निष्ठा खोटी नव्हती. त्यांनी पुढे रमाबाईंना मनापासून शिकवले, आणि रमाबाईंनी स्त्रियांसाठी केलेले काम महाराष्ट्र विसरलेला नाही. परंतु घरातील वडीलधाऱ्यांचा शब्द, जातीचा धाक आणि स्वतःची सौम्य वृत्ती यांच्या कात्रीत सापडलेल्या थोर माणसालाही आपल्या मताप्रमाणे वागता आले नाही, यावरून एवढे निश्चित कळते की प्रश्न केवळ धैर्याचा नव्हता. त्यांच्या मागे अशी माणसे आणि अशी रीत नव्हती, जिच्या आधारे ते वेगळे वागू शकले असते. नेमकी हीच उणीव भरून काढण्याचे काम त्याच वर्षी त्याच शहरात सुरू झाले होते.

१८७३ : समाजाची स्थापना आणि पहिले विवाह

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. फुले अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष होते, तर नारायणराव गोविंदराव कडलक चिटणीस. सर्व माणसे एकाच निर्माणकर्त्याची लेकरे आहेत आणि त्याच्या भक्तीसाठी मध्यस्थाची गरज नाही, हे समाजाचे मूळ तत्त्व होते, आणि सभासद होणाऱ्याने ते तत्त्व पाळण्याची शपथ घ्यायची होती. सभासदांमध्ये माळी, कुणबी आणि इतर शेतकरी-कारागीर जातींचे लोक होते. मुंबईत कामाठीपुरा भागातील तेलुगू भाषक कंत्राटदार आणि व्यापारी मंडळींनीही समाजाला मोठे बळ दिले, त्यांपैकी व्यंकू बाळाजी काळेवार, जाया कराडी लिंगू आणि नरसिंगराव सायबू वडनाला ही नावे समाजाच्या इतिहासात आदराने घेतली जातात. शपथ घेणे हा आरंभ होता. ती पाळायची म्हणजे पहिल्यांदा घरातील लग्नाला पुरोहित बोलवायचा नाही, हे सर्वांना ठाऊक होते.

समाज स्थापन होऊन तीन महिने झाले आणि २५ डिसेंबर १८७३ रोजी सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा निंबणकर यांचा पहिला सत्यशोधक विवाह झाला. राधेच्या आई बजूबाई या सावित्रीबाई फुले यांच्या मैत्रीण, आणि या लग्नात सावित्रीबाईंचा पुढाकार होता. पुरोहित नव्हता, संस्कृत मंत्र नव्हते, हुंडा आणि मानपान नव्हते. वधूवरांनी सर्वांसमक्ष एकमेकांशी निष्ठेने वागण्याची शपथ घेतली आणि जमलेल्यांनी आशीर्वाद दिले. समाजाच्या स्थापनेत जे तत्त्व म्हणून सांगितले गेले, ते तीन महिन्यांत एका घराचा संसार म्हणून उभे राहिले, ही गती लक्षात घेण्यासारखी आहे.

दुसरा विवाह ७ मे १८७४ रोजी हडपसरचे ग्यानोबा कृष्णाजी ससाणे आणि काशीबाई यांचा झाला. या वेळी विरोध उघडपणे पुढे आला. ससाण्यांच्या आप्तांवर दडपण आणले गेले, दंग्याची भीती निर्माण झाली, आणि अखेर हे लग्न फुले यांच्या घरी पोलीस बंदोबस्तात लावावे लागले. पहिल्या लग्नाकडे कदाचित एखाद्या विक्षिप्त मंडळाची करामत म्हणून पाहता आले असते. दुसऱ्या लग्नाने हे स्पष्ट झाले की ही रीत चालू राहणार आहे, आणि म्हणूनच ती बंद पाडण्याचा प्रयत्न झाला. नव्या प्रथेच्या इतिहासात दुसरी वेळ ही पहिल्या वेळेपेक्षा अधिक महत्त्वाची असते, कारण पहिली वेळ व्यक्तीची असते आणि दुसऱ्या वेळेपासून ती समूहाची होऊ लागते.

विधीची रचना

सुरुवातीच्या लग्नांत जे प्रसंगानुसार ठरत गेले, त्याला फुले यांनी १८८७ मध्ये सत्यशोधक समाजाच्या पूजाविधीच्या छोट्या पुस्तकात निश्चित रूप दिले. या पुस्तकात मराठी मंगलाष्टकांसह विवाहाचा विधी आणि घरगुती प्रसंगांचे इतर विधी सांगितलेले आहेत, आणि कोणालाही ते वाचून कृत्य पार पाडता यावे हा त्यामागचा उद्देश आहे. ज्याने पुरोहिताची मक्तेदारी अमान्य केली त्याने स्वतः नवा पुरोहित न होता विधीचे पुस्तक छापून लोकांच्या हाती द्यावे, ही निवड त्याच्या मूल्यांशी पूर्णपणे सुसंगत होती.

या मंगलाष्टकांचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे ती संवादरूप आहेत. रूढ लग्नात मंगलाष्टके इतरांनी म्हणायची आणि वधूवरांनी अंतरपाटाच्या दोन बाजूंना मुकाट्याने उभे राहायचे, ही पद्धत होती. फुले यांच्या विधीत वर बोलतो, वधू उत्तर देते, आणि पुन्हा वर तिला उत्तर देतो. वधू केवळ होकार देत नाही. स्त्रियांना स्वातंत्र्य कसे नाकारले गेले याची ती आठवण करून देते आणि स्त्रीचे हक्क मान्य करण्याचे वचन वराकडून मागून घेते. वराने ते वचन दिल्यानंतरच संसाराची बोलणी पुढे जातात, आणि शेवटी दोघे मिळून वडीलधाऱ्यांकडे, जमलेल्या लोकांकडे आणि दीनदुबळ्यांकडे पाहून आपली कर्तव्ये उच्चारतात. एकोणिसाव्या शतकात लिहिलेल्या एका विवाहविधीत वधूच्या तोंडी हक्काची मागणी असावी, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने अत्यंत पुढची होती. त्या मागणीने कन्यादानाची, म्हणजे मुलगी ही देण्याची वस्तू आहे या समजुतीची, मुळेच उखडली.

विधीचा दुसरा गुण त्याचा साधेपणा. फुलांच्या माळा, अक्षता किंवा फुले, थोडे पान-सुपारीचे आतिथ्य एवढ्यावर लग्न लागू शकत होते, त्यामुळे सावकाराच्या दारी जाण्याची गरज उरत नव्हती. ज्या दशकात ही पद्धत सुरू झाली त्याच दशकात, १८७५ मध्ये, सुप्याच्या बाजारापासून पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळण्याचा उठाव केला होता. त्या पार्श्वभूमीवर कर्जाशिवाय लग्न ही शेतकरी घरासाठी केवळ सुधारणा नव्हती, तर जमीन राखण्याचा उपाय होता.

न्यायालयाची पायरी

पुरोहिताशिवाय लग्न लावणारे घर दक्षिणेचे देणे चुकवते, या मुद्द्यावर वाद न्यायालयात जाणे अपरिहार्य होते. १८८४ च्या सुमारास जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे बाळाजी कुसाजी पाटील यांनी सत्यशोधक पद्धतीने लग्न लावल्यावर ग्रामजोश्यांनी त्यांच्यावर दावा लावला, आणि हे प्रकरण पुढे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. दाव्यातील मूळ प्रश्न साधा होता : ज्या माणसाला सेवा नको आहे, त्याने त्या सेवेचे मोल द्यावे का? परंतु त्याच्या उत्तरावर श्रद्धेचे स्वातंत्र्य अवलंबून होते. एका पाटलाने आपल्या घरच्या लग्नासाठी वर्षानुवर्षे न्यायालयाचा खर्च आणि त्रास सोसावा, यातून या पद्धतीसाठी सामान्य शेतकरी कुटुंबांनी काय किंमत मोजली हे कळते. नव्या विचारांचा इतिहास सहसा ग्रंथकारांच्या नावाने लिहिला जातो. सत्यशोधक विवाहाचा इतिहास मात्र ज्यांनी दावे लढवले, बहिष्कार सोसला आणि तरीही पुढच्या मुलीचे लग्न त्याच पद्धतीने लावले, अशा घरांचा आहे.

कायद्याचा हा काटा निघायला बराच काळ लागला. १९२६ मध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नाने जोशी वतनाविषयीचा कायदा झाला, आणि ज्याला बोलावलेच नाही अशा पुरोहिताला केवळ वंशपरंपरेच्या जोरावर धार्मिक कृत्याचे मोल वसूल करता येणार नाही, हे कायद्याने मान्य केले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा १९२३ चा ठरावही याच बोले यांनी मांडला होता, हे पाहिले म्हणजे विवाहविधी आणि पाणी हे दोन्ही प्रश्न एकाच समतेच्या लढ्याचे भाग होते हे ध्यानात येते. पहिल्या सत्यशोधक लग्नापासून या कायद्यापर्यंत पन्नासहून अधिक वर्षे गेली. एवढा काळ ही पद्धत लोकांच्या निष्ठेवरच टिकून होती.

स्वतःच्या घरातील कसोटी

जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी हा विधी इतरांसाठी लिहिला आणि स्वतःचे घर वगळले, असे झाले नाही. मूल नव्हते तरी जोतीरावांनी दुसरे लग्न करण्यास नकार दिला, आणि १८७४ मध्ये एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव यशवंत ठेवले. १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला; उजवा हात निकामी झाला असतानाही डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा ग्रंथ लिहून पूर्ण केला, जो त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. याच आजारपणात, ४ फेब्रुवारी १८८९ रोजी, यशवंताचा विवाह सत्यशोधक पद्धतीने झाला. वधू होती ग्यानोबा कृष्णाजी ससाणे यांची कन्या राधा. पंधरा वर्षांपूर्वी ज्यांचे लग्न फुले यांच्या घरी पोलीस बंदोबस्तात लागले होते, त्याच ससाण्यांच्या कन्येने आता फुले यांच्या घरात सून म्हणून पाऊल ठेवले. या विवाहात जन्माची जात गौण ठरली, हुंडा नव्हता, पुरोहित नव्हता. जे ग्रंथात लिहिले गेले ते त्याच वेळी घरात घडत होते. लेखन आणि वर्तन यांतील ही एकरूपता हीच फुले दांपत्याच्या अधिकाराची खरी बैठक होती, आणि पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंनी प्राण वेचले तेव्हा ती शेवटपर्यंत टिकली.

कोल्हापूर आणि बडोदे

विसाव्या शतकाच्या आरंभी या चळवळीला नवे केंद्र मिळाले ते कोल्हापूरला. १८९९ मध्ये पंचगंगेवर स्नानाच्या वेळी राजपुरोहिताने छत्रपती शाहू महाराजांसाठी वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले, त्यातून वेदोक्त प्रकरण उद्भवले, आणि छत्रपतीलाही जिथे शूद्र मानले जाते तिथे सामान्य कुणब्याची स्थिती काय असेल हे साऱ्या महाराष्ट्राला दिसले. १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज स्थापन झाला, भास्करराव जाधव त्याचे अध्यक्ष झाले, आणि १९१३ मध्ये ब्राह्मणेतर तरुणांना धार्मिक विधी शिकवणारी शाळा सुरू झाली, जिची जबाबदारी विठ्ठलराव डोंगरे यांच्याकडे होती. भास्करराव जाधव यांनी ‘घरचा पुरोहित’ हे पुस्तकही लिहिले, ज्याच्या नावातच त्याचा हेतू स्पष्ट आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवा-पुनर्विवाहाचा कायदा केला आणि त्यापाठोपाठ आंतरजातीय विवाहालाही कायद्याचे संरक्षण दिले. त्यामुळे पूर्वी केवळ मूठभर शपथबद्ध कुटुंबांच्या बळावर चालणाऱ्या पद्धतीला राज्यसत्तेचा आधार मिळाला.

मात्र या वाढीबरोबर पद्धतीचे स्वरूपही बदलले, आणि हा बदल नीट समजून घेतला पाहिजे. फुले यांच्या योजनेत पुरोहित या पदालाच जागा नव्हती; कोल्हापूरच्या योजनेत पुरोहित आपल्यातला असावा, शिकलेला असावा, यावर भर होता. १९२० मध्ये शाहू महाराजांनी क्षात्रजगद्गुरू हे स्वतंत्र पीठ निर्माण केले आणि सदाशिवराव बेनाडीकर यांना त्यावर बसवले, तेव्हा एक मध्यस्थ काढून दुसरा आणल्यासारखे होते, अशी खंत काही सत्यशोधकांना वाटली. दोन्ही बाजूंमागे प्रामाणिक विचार होता : ज्या समाजाला शतकानुशतके विधीचा अधिकार नाकारला गेला, त्याला तो अधिकार मिळाल्याचे समाधान आवश्यक होते, आणि त्याच वेळी अधिकाराच्या या आनंदात मूळ तत्त्व हरवू नये ही चिंताही रास्त होती. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी तिसरा मार्ग घेतला. १९१५ च्या हिंदू पुरोहित कायद्याने पौरोहित्य करणाऱ्याला परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घेणे बंधनकारक केले, जेणेकरून त्याला विधीचा अर्थ कळावा आणि तो यजमानाला समजावून सांगता यावा. पुण्याने पुरोहित टाळला, कोल्हापूरने आपला पुरोहित घडवला आणि बडोद्याने आहे त्या पुरोहितावर समजुतीची अट घातली. तिन्ही ठिकाणी मूळ आग्रह एकच होता, की न कळणारे वचन हे वचन नव्हे.

याच काळात ही पद्धत खेड्यापाड्यांत पोहोचवली ती सत्यशोधक जलशांनी आणि वृत्तपत्रांनी. तमाशाच्या परिचित अंगाने गाणी, वग आणि संवाद यांतून जलसे सावकारी, भिक्षुकशाही आणि लग्नातील उधळपट्टी यांवर बोलत. आणि कृष्णराव भालेकर यांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यातून चालवलेले ‘दीनमित्र’ हे वृत्तपत्र ग्रामीण वाचकापर्यंत हाच विचार नेत असे. भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या ‘दीनबंधु’ची परंपरा अशी दुसऱ्या पिढीत पुढे चालली.

स्वातंत्र्यानंतर

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने वधू किंवा वर यांच्यापैकी कोणाच्याही रूढ रीतीने आणि विधीने लागलेले लग्न वैध मानले, आणि सप्तपदी केवळ ज्यांच्या रीतीत ती आहे त्यांच्यासाठीच निर्णायक ठरवली. वरवर पाहता यात सत्यशोधक विवाहाला पुरेशी जागा आहे. परंतु त्याच कायद्यात रूढी म्हणजे दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी पाळली गेलेली रीत, अशी व्याख्या आहे. जी रीत माणसांनी विचारपूर्वक, ठरावीक दिवशी सुरू केली, तिला आपले वय सिद्ध करावे लागते, ही यातली अडचण आहे. तमिळनाडूत पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीतील पुरोहितविरहित लग्नांना याच अडचणीशी सामना करावा लागला. १९५३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने असे एक लग्न अवैध ठरवले, आणि अखेर अण्णादुराई सरकारने १९६७ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात त्यांना स्वतंत्र स्थान दिले. महाराष्ट्रात अशी स्वतंत्र तरतूद नसल्यामुळे सत्यशोधक पद्धतीने लग्न करणारी पुष्कळ जोडपी सोबत विवाहाची नोंदणीही करून घेतात.

पुरोहिताची गरज नाकारून स्वतःच्या मूल्यांचा विधी उभा करण्याचा दुसरा मोठा प्रयोग महाराष्ट्रात १९५६ नंतर झाला. फुले यांना गुरू मानणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि त्यानंतर बौद्ध कुटुंबांत त्रिशरण, पंचशील आणि परस्परांना दिलेली वचने यांवर आधारलेली विवाहपद्धती रूढ झाली. सत्यशोधक आणि बौद्ध पद्धतींचे धार्मिक आधार वेगळे आहेत. तरी साधेपणा, समजणारी भाषा आणि वधूवरांची समान प्रतिज्ञा या बाबतींत त्यांचे नाते जवळचे आहे. आज सत्यशोधक लग्ने पुण्यात फुलेवाड्यात लागतात, गावच्या मांडवात लागतात आणि शहरांच्या सभागृहांतही लागतात. काही जोडपी महात्मा फुले यांच्या मंगलाष्टकांसोबत संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन करतात, काही जण घरकाम, पैसा, आईवडिलांची जबाबदारी यांविषयीची वचने स्वतःच्या शब्दांत लिहितात.

विधी आणि निष्ठा

या साऱ्या इतिहासातून एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. जी पद्धत बंडातून जन्मली ती स्वतःच रूढी झाली, तर तिच्यातील मूल्याचे काय होते? पुरोहित नाही पण हुंडा आहे, मराठी मंगलाष्टके आहेत पण खर्च लाखोंचा आहे, प्रतिज्ञा समतेची आहे पण जात पाहूनच स्थळ ठरले आहे, असे लग्न सत्यशोधक म्हणवले जाऊ शकते. विधी ते रोखू शकत नाही. परंतु म्हणून विधी व्यर्थ ठरत नाही. १८७३ मध्ये सीताराम आल्हाट आणि राधा निंबणकर यांच्यासमोर तयार रीत नव्हती, त्यांना सगळेच नव्याने करावे लागले. ग्यानोबा ससाण्यांना आप्तांच्या विरोधात उभे राहावे लागले. बाळाजी पाटलांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्यांनी मोजलेल्या किमतीमुळेच आज एखाद्या मुलीला किंवा मुलाला आपल्या घरी, मला असे लग्न करायचे आहे, एवढे म्हटले की पाठीमागे दीडशे वर्षांची परंपरा उभी करता येते. रानडे यांना १८७३ मध्ये जो आधार मिळाला नाही, तो पुढच्या पिढ्यांसाठी या सामान्य माणसांनी निर्माण करून ठेवला.

तेव्हा या पद्धतीचे खरे मोल तिच्या साधेपणात किंवा पुरोहिताच्या अनुपस्थितीतही नाही. ते आहे फुले यांनी वधूच्या तोंडी घातलेल्या त्या मागणीत. वचन देण्यापूर्वी त्याचा अर्थ विचारण्याचा, अटी सांगण्याचा आणि समोरच्याकडून उत्तर मिळवण्याचा अधिकार तिने विवाहाच्या मध्यभागी आणून ठेवला. ज्या लग्नात ही मागणी मनापासून केली जाते आणि पुढच्या संसारात रोजच्या कामाच्या वाटणीतून, पैशाच्या व्यवहारातून, मुलींच्या शिक्षणातून तिला उत्तर मिळत राहते, ते लग्न कोणत्याही मांडवात लागलेले असो, सत्यशोधकच आहे. आणि जिथे ती केवळ म्हणण्यापुरती म्हटली जाते, तिथे फुले यांचेच शब्द असले तरी ते पुन्हा न कळणारे मंत्र होऊन बसतात. मूल्यांप्रमाणे जगणे याचा अर्थ या पद्धतीच्या जनकांनी असा लावला होता, की जे पटले ते सर्वांसमक्ष, समजून-उमजून उच्चारावे आणि त्या उच्चाराला आयुष्यभर बांधील राहावे. त्यांच्या वारशाचा मान राखायचा तर प्रत्येक पिढीने ही बांधिलकी नव्याने स्वीकारली पाहिजे.